अठ्ठेचाळीस आकड्यांचं कुलूप

त्यांना सगळे मास्टर म्हणत. वास्तविक त्या घरात शिकवणारं माणूस एकच, आणि ते म्हणजे त्यांची बायको. ती एका मोठ्या शाळेत उपमुख्याध्यापिका होती आणि सगळं गाव तिला 'बाई' म्हणे. मास्टर किल्ल्या बनवत. पण एका घरात मास्टर आणि बाई राहतात म्हटल्यावर नव्या माणसाला वाटे, दोघंही शाळेतच असणार. मग तो मास्टरांना पोराच्या गणिताबद्दल सल्ला विचारी, आणि मास्टरही आढेवेढे न घेता तो देऊन टाकत.

त्यांचं दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधे बांधायची राहून गेलेली फट. आत एकच माणूस मावे, गिऱ्हाइकानं रस्त्यावर उभं राहायचं. तिन्ही भिंतींवर छतापासून गुडघ्यापर्यंत कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या. पुढच्या फळीवर कानशी, चिमटे आणि किल्ली कापायचं घरघरतं मशीन. त्या फटीत मास्टर अठ्ठावीस वर्षं उभे होते आणि एवढ्या काळात एकाही कुलपाची त्यांच्यापुढे तोंड वर करून बोलायची हिंमत झाली नव्हती.

मास्टरांची एक खास सवय होती. चांगल्या कुलपाबरोबर पत्र्याची एक बारीक चकती येते आणि तिच्यावर नंबर कोरलेला असतो. तो नंबर ज्याच्याकडे, त्याला कुलूप न बघताही किल्ली कापता येते. गिऱ्हाइकाला दोन किल्ल्या दिल्या, की मास्टर ती चकती त्याच्या डोळ्यांसमोर धरत, पत्र्याच्या कात्रीनं तिचे चार तुकडे करत आणि म्हणत, "झालं. आता या कुलपाचा नंबर जगात कुणाकडेही नाही. माझ्याकडेही नाही." गिऱ्हाईक भारावून जाई. मास्टर त्याहून जास्त भारावत.

दुसरी शिकवण त्यांनी घरात रुजवली होती. किल्लीवर खरं नाव कधी लिहायचं नाही. चोराच्या हाती लागली तर त्याला पत्ताही आयताच मिळायचा. म्हणून त्यांच्या घराच्या किल्लीला 'गोदाम' अशी चिठ्ठी होती, कपाटाच्या किल्लीला 'सायकल', आणि सायकल तर त्यांनी अकरा वर्षांपूर्वीच विकली होती. बाई सुरुवातीला हसल्या. पुढे त्याही तेच करू लागल्या, आणि नवऱ्याचं एवढं ऐकलेलं पाहून मास्टरांना कृतकृत्य वाटलं.

अशा घरात दोन महिन्यांपूर्वी नवा कोरा लॅपटॉप आला.

तो आला बाईंच्या वेळापत्रकासाठी. शाळेचं वर्षाचं वेळापत्रक करणं हे काय काम आहे, ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. तीस वर्ग, सेहेचाळीस शिक्षक, दोन प्रयोगशाळा आणि एक मैदान. गणिताच्या सरांचा गुडघा धरलेला, म्हणजे त्यांना तिसरा मजला नको. विज्ञानाच्या दोन बाई एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणजे त्यांना एकामागून एक प्रयोगशाळा नको. आणि भूगोलाच्या बाईंना शेवटचा तास दिला तर त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन डोळ्यांना पदर लावत. बाईंनी सहा आठवडे खपून हे सगळं लॅपटॉपवर बसवलं होतं. कच्चे कागद त्यांनी स्वतःच्या हातानं फाडून टाकले, कारण कच्चं वेळापत्रक शिक्षकांच्या नजरेला पडलं की पक्कं कधीच होत नाही. सोमवारी शाळा सुरू व्हायची होती आणि सकाळी सात वाजता वेळापत्रक फळ्यावर लागायला हवं होतं.

लॅपटॉप घरी बसवून द्यायला दुकानातला माणूस आला होता. "इंटरनेटवर खातं उघडू का?" त्यानं विचारलं. मास्टर म्हणाले, "कशाला? आपल्या घरात काय आहे ते लोकांना कशाला सांगायचं?" मग त्या माणसानं लॅपटॉपच्या आतल्या सगळ्या सामानाला एक कुलूप घालून दिलं आणि मास्टरांच्या हातात एक छापील चिठ्ठी ठेवली. तिच्यावर आकडे होते. सहा-सहाचे आठ गट, एकूण अठ्ठेचाळीस.

"ही जिवापाड जपा काका. एरवी लागायची नाही, पण कुलूप कधी बिथरलं तर हाच नंबर मागेल. चिठ्ठी हरवली तर माझ्याच्यानंही काही होणार नाही."

मास्टरांनी चिठ्ठी दोन्ही हातांत घेतली. अठ्ठेचाळीस आकडे! त्यांनी आयुष्यात पाहिलेल्या सगळ्यात तालेवार कुलपाला नऊ होते. त्यांचा ऊर भरून आला. माणूस जिना उतरून गेला, मास्टरांनी कात्री घेतली, चिठ्ठीचे बारीक बारीक तुकडे केले, ते बेसिनमध्ये टाकून वर नळ सोडला आणि समाधानानं हात पुसले. आता हा नंबर जगात कुणाकडेही नव्हता.

शाळा सुरू व्हायच्या आधीच्या शनिवारी सकाळी मास्टरांच्या दुकानात नवं मशीन आलं. नवं म्हणजे त्यांच्यासाठी नवं. दुसऱ्या गावी एका किल्लीवाल्यानं धंदा बंद केला, त्याचं हे मशीन. किल्लीचा नंबर सांगितला की ते स्वतःच खाचा मोजून कापी. पण ते लॅपटॉपवरून चालवायचं आणि त्याचा प्रोग्रॅम चाले तो दुसऱ्याच एका सिस्टीमवर, फुकट मिळणाऱ्या. लॅपटॉपबरोबर आलेल्या सिस्टीमशी त्याचं जमत नव्हतं.

त्यावर उपाय असतो, हे मास्टरांनी पंधरा दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून शोधून काढलं होतं. एकाच लॅपटॉपात दोन सिस्टीम नांदू शकतात. चालू केला की तो विचारतो, आज कुणाकडे जायचं? मास्टरांनी त्यांची नावंही ठेवून टाकली. आधीपासून घरात असलेली ती थोरली, येऊ घातलेली ती धाकटी. बाईंचं वेळापत्रक थोरलीकडे राहील, किल्ल्यांचं काम धाकटी बघेल.

बाईंना त्यांनी हे सांगितलं तेव्हा त्या चष्मा पुसत होत्या.

"मंगळवारी करा," त्या म्हणाल्या. "सोमवारी माझं वेळापत्रक फळ्यावर लागू दे. तोवर त्या लॅपटॉपकडे वाकड्या नजरेनंसुद्धा बघायचं नाही."

"अगं, मी अठ्ठावीस वर्षं..."

"मंगळवारी."

"बरं."

पण शनिवारी दुपारी बाईंची शाळेत सभा होती, साडेपाचपर्यंत. मशीन दुकानात येऊन बसलं होतं. दोन वाजता घरात मास्टर एकटे, समोर लॅपटॉप, आणि व्हिडिओतला माणूस म्हणत होता, 'फक्त पंधरा मिनिटं!' मास्टरांनी हिशेब केला. बाई येईपर्यंत धाकटी घरात येऊन रुळलेलीसुद्धा असेल.

एक पेनड्राइव्ह हवा होता. बाईंच्या खणात एक सापडला. त्याला चिठ्ठी होती, 'रद्दी'. मास्टरांनी तो लावला. लॅपटॉपनं विचारलं, यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल का? मास्टर म्हणाले, "रद्दीच आहे बाबा, पूस." त्यानं पुसलं आणि त्यावर धाकटीचं सामान भरलं.

मग लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करताना एक बटण दाबत राहायचं, म्हणजे त्याच्या पोटातली सेटिंगं उघडतात. ती उघडली. तिथे 'सुरक्षित सुरुवात' अशा अर्थाचं काहीतरी चालू होतं. ते बंद करा, व्हिडिओ म्हणाला. सुरक्षित गोष्ट बंद करायची हे मास्टरांच्या धंद्यात बसत नव्हतं, पण त्यांनी ती बंद केली. मग, आधी पेनड्राइव्हकडे बघ आणि नंतर आतल्या डिस्ककडे, असा क्रम लावला. धाकटी झोकात पडद्यावर आली, पण म्हणाली, मला या घरात डिस्कच दिसत नाही. मास्टरांनी दुसरा व्हिडिओ लावला. त्यातला माणूस म्हणाला, पोटात जाऊन डिस्कची पद्धत बदला. मास्टरांनी तीही बदलली. आता धाकटीला डिस्क दिसली. पण डिस्कला कुलूप आहे, आधी थोरलीकडे जाऊन ते काढून या, मगच मी आत येईन, असं तिनं सुनावलं.

"रीतीची आहे पोरगी," मास्टर कौतुकानं म्हणाले. त्यांनी पेनड्राइव्ह काढला आणि थोरलीला हाक मारली.

थोरली आली नाही.

तिच्याऐवजी अख्खा निळा पडदा आला. त्यावर आठ रिकामे चौकोन आणि एक ओळ. ओळीचा अर्थ एवढाच होता, की घरात काहीतरी हलवाहलव झालेली दिसते, मला संशय आला आहे, तेव्हा तो अठ्ठेचाळीस आकड्यांचा नंबर सांगा.

मास्टर पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांची नजर आपोआप बेसिनकडे गेली.

माणसाच्या तोंडचं पाणी पळतं म्हणजे नेमकं काय होतं, ते त्यांना त्या क्षणी कळलं. जीभ टाळूला चिकटली. आयुष्यभर बंद दारासमोर रडकुंडीला आलेली माणसं त्यांनी पाहिली होती, आणि प्रत्येकाला ते म्हणाले होते, "अहो, एवढं काय घाबरता? कुलूपच आहे." आता कुलूपच होतं. खिडकी नाही, बिजागरी नाही, कानस घालायला फट नाही. नुसते आठ चौकोन.

त्यांनी आठवायचा प्रयत्न केला. पहिला आकडा चार होता, हे नक्की. किंवा सात. पुढे कुठेतरी दोन शून्यं शेजारी शेजारी होती, ती त्यांना तेव्हा फार गोड वाटली होती. बाकीच्या पंचेचाळीस आकड्यांनी मात्र ओळख द्यायचं साफ नाकारलं.

आणि मग दुसरा धक्का बसला. पहिला पायाखालची जमीन घेऊन गेला होता, हा उरलंसुरलं छप्परही घेऊन गेला.

'रद्दी'.

या घरात कुठल्याही वस्तूवर खरं नाव लिहिलेलं नसे. ती शिकवण कुणाची होती? बाई गेल्याच आठवड्यात म्हणाल्या होत्या, "वेळापत्रकाची एक प्रत मी वेगळी काढून ठेवलीय हं. आणि अशी ठेवलीय, की भूगोलाच्या बाईंच्या हातात दिली तरी त्या उघडून बघणार नाहीत." तेव्हा मास्टर म्हणाले होते, "शाब्बास!"

मास्टर मटकन खुर्चीत बसले. खुर्ची होती तिथेच होती, म्हणून बरं. सहा आठवड्यांचं काम त्यांनी दीड तासात दोन्ही बाजूंनी बंद करून टाकलं होतं. साडेतीन वाजले होते.

त्यांच्या दुकानासमोरच लॅपटॉप दुरुस्त करणारी एक बाई होती. वय पस्तिशीचं, बोलणं तुटक, कपाळावर कायम भिंगाचा चष्मा. गल्लीत तिला लॅपटॉपवाली म्हणत. मास्टरांनी लॅपटॉप टॉवेलात गुंडाळला आणि तापानं फणफणलेलं पोर दवाखान्यात न्यावं तसा छातीशी धरून तिच्याकडे नेला. निळा पडदा तसाच होता. तो बंद करायची त्यांची छाती झाली नव्हती.

"काय झालं, मास्टर?"

"काही नाही. असं आपोआपच आलं."

"तुम्ही काही केलंत?"

"छे! नुसता चालू केला."

हातातला स्क्रू-ड्रायव्हर पुसत लॅपटॉपवालीनं नुसतं बघितलं. मास्टरांना ती नजर ओळखीची होती. किल्ली आत मोडून आलेलं गिऱ्हाईक 'मी हातसुद्धा लावला नाही हो' म्हणतं आणि कुलपातून वाकलेली हेअरपिन डोकावत असते, तेव्हा मास्टर अगदी अश्शीच नजर लावत. अठ्ठावीस वर्षांत त्या नजरेपुढे कुणी टिकलं नव्हतं. मास्टर आठ सेकंद टिकले.

"सिस्टीम घालत होतो," ते म्हणाले. "दुसरी. म्हणजे पहिली ठेवून."

"कुलूप न उतरवता?"

"ते उतरवायचं असतं हे नंतर कळलं."

"नंबर?"

"आहे ना. म्हणजे होता."

"खात्यावर असेल की इंटरनेटवर."

"खातं मीच उघडू दिलं नाही."

"मग चिठ्ठी?"

मास्टरांनी बेसिनची हकिकत सांगितली. लॅपटॉपवालीनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, मास्टरांना नीट पाहिलं आणि पुन्हा वर केला.

"मास्टर, तुम्ही किल्लीवाले ना?"

"हो."

"नाही, खात्री केली."

मग मात्र ती कामाला लागली. "ऐका. नंबर नसेल तर या कुलपापुढे मी, तुम्ही, कुणीही शून्य. जोर लावून उघडत नाही ते. पण ते मोडलेलं नाहीये, बिथरलंय. रोज उघडताना ते आजूबाजूला बघतं, सगळं काल होतं तसंच आहे का म्हणून. असेल तर मुकाट्यानं उघडतं. तुम्ही सामान हलवलंत. जे जे हलवलंत ते अगदी होतं तसं मांडलं, तर त्याचा राग जाईल. बहुतेक. काय काय हलवलं?"

"सुरक्षित का काय ते बंद केलं. आणि क्रम बदलला."

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं पोटातली सेटिंगं उघडली. सुरक्षित सुरुवात चालू केली, क्रम पूर्वीसारखा लावला, लॅपटॉप पुन्हा सुरू केला.

निळा पडदा. आठ चौकोन.

मास्टरांचे डोळे पांढरे व्हायचेच बाकी होते. नेमक्या त्याच क्षणी मागून आवाज आला.

"घरी नाही, दुकानात नाही. म्हटलं, टॉवेल घेऊन पोहायला गेलात की काय?"

बाई! सभा लवकर संपली होती. मास्टर वळले. त्यांना काहीतरी हलकंफुलकं बोलायचं होतं, पण तोंडातून नुसतं "त... त..." एवढंच निघालं. बाईंनी टॉवेल पाहिला. लॅपटॉप पाहिला. निळा पडदा पाहिला. मग नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि त्यांना बाकीचं काही वाचायची गरज राहिली नाही.

"माझं वेळापत्रक?" त्यांनी हळूच विचारलं.

"आत आहे."

"उघडत नाही?"

"नाही."

"हरकत नाही. माझी प्रत आहे. तो खणातला..."

मास्टरांनी मान खाली घातली.

बाई ओरडल्या असत्या तर मास्टरांना सोपं गेलं असतं. पंचवीस वर्षांच्या संसारात ओरडणं कसं झेलायचं हे त्यांना येत होतं. पण बाईंचा रंगच उतरला. त्यांनी चाचपडत मागे हात नेला, स्टूल शोधलं आणि त्यावर बसल्या. तीस वर्ग एका आवाजात गप्प करणाऱ्या या बाईचे ओठ हलत होते आणि त्यातून काहीच बाहेर येत नव्हतं. मास्टरांनी त्यांना असं पूर्वी एकदाच पाहिलं होतं, इस्पितळाच्या बाकावर, त्यांचे वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा. त्यांच्या काळजात कळ आली. किल्लीवाला म्हणून अब्रू जाते ती जाऊ दे, हे आपण काय करून बसलो!

"सहा आठवडे," बाई स्वतःलाच सांगावं तसं म्हणाल्या. "सोमवारी सात वाजता सेहेचाळीस माणसं मला विचारतील, कुठल्या वर्गावर जाऊ? आणि मी काय सांगू?"

"वहिनी, थांबा," लॅपटॉपवाली म्हणाली. "अजून काहीतरी हलवलेलं आहे. मास्टर, आठवा."

"काही नाही. दोनच गोष्टी."

बाईंनी मान वर केली. आवाज परत आला होता.

"अहो. तिसरी काय ते सांगा."

"नाही गं..."

"दोन गोष्टी कबूल करताना तुमचा कान लाल होत नाही. तिसरी लपवताना होतो. सांगा."

मास्टरांनी कानाला हात लावला. तो तापला होता.

"डिस्कची पद्धत बदलली," ते पुटपुटले. "धाकटीला डिस्क दिसत नव्हती म्हणून. आधी काय होतं त्याचं नाव आठवत नाही, म्हणून म्हटलं नाही."

"धाकटी कोण?" बाईंनी विचारलं.

"ते नंतर सांगतो."

"हे आधी बोलायचं ना, मास्टर!" लॅपटॉपवालीनं कपाळावर मारून घ्यायला उचललेला हात चष्म्यामुळे आवरला. मग एकदम थांबली. तिचा आवाज खाली आला. "आता शेवटचं. खरं खरं सांगा. त्याच पानावर खाली एक बटण असतं. आतल्या चिपमधल्या किल्ल्या पुसायचं. ते दाबलं असेल तर मग मात्र संपलं. दाबलंत?"

मास्टरांनी उजव्या हाताचं बोट मुठीत लपवलं.

"दाबणार होतो," मास्टर म्हणाले. "तिसऱ्या व्हिडिओत सांगितलं होतं. बोट ठेवलं होतं त्यावर. पण त्यानं विचारलं, सगळ्या किल्ल्या पुसू का? आणि... किल्ल्या कुणी पुसतं का हो? हातच होईना. मी उलट फिरलो."

लॅपटॉपवालीनं सोडलेला सुस्कारा पार रस्त्यावर ऐकू गेला असावा. तिनं पुन्हा पोटात शिरून डिस्कची पद्धत मूळची केली, प्रत्येक ओळ बोट ठेवून तपासली, आणि लॅपटॉप सुरू करायच्या आधी कधी नव्हे ते दोन सेकंद डोळे मिटले.

पडदा काळा झाला. बराच वेळ काळाच राहिला. बाईंनी मास्टरांचं मनगट धरलं आणि त्यांच्या नखांनी तिथे चार चंद्रकोरी उमटवल्या. मग एक छोटं चक्र फिरू लागलं. ते फिरलं, फिरलं, आणि एकदम थोरली समोर आली. काही घडलंच नाही असा चेहरा करून, बाईंचं नाव घेऊन, पासवर्ड मागत.

बाईंनी तो घातला. घाईघाईत दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जमला, आणि वेळापत्रक उघडलं. पाचवी 'अ', सोमवार, पहिला तास, प्रार्थना आणि मराठी. बाई त्या एका चौकोनाकडे, आगीतून वाचलेल्या घराकडे बघावं तशा बघत राहिल्या.

लॅपटॉपवालीनं आधी तो अठ्ठेचाळीस आकड्यांचा नंबर बाहेर काढून तीन कागदांवर छापला. एक स्वतःच्या कपाटात ठेवला, एक मास्टरांना दिला, आणि "हा फाडलात तर गल्लीत सांगेन" असा दम भरला. तिसरा बाईंनी घेतला. तो त्यांनी कुठे ठेवला आणि त्याच्यावर कसली चिठ्ठी चिकटवली, हे मास्टरांना आजतागायत कळलेलं नाही. धाकटीला पुढे मंगळवारी लॅपटॉपवालीनंच आणलं, कुलूप आधी रीतसर झोपवून, चाळीस मिनिटांत. दोघी तेव्हापासून गुण्यागोविंदानं नांदताहेत.

पण मंगळवारच्या आधी रविवार होता.

रविवारी सकाळी बाईंनी जेवणाच्या टेबलावर मोठाल्या कोऱ्या कागदांचा गठ्ठा ठेवला, शेजारी पट्टी आणि दोन पेनं.

"हे काय?"

"माझं वेळापत्रक यापुढे त्या पेटीत एकटं राहणार नाही. कागदावर उतरवा."

"सगळं?"

"तीस वर्ग, सहा दिवस, आठ तास."

मास्टरांनी मनात गुणाकार केला आणि चौदाशे चाळीस चौकोनांनी त्यांना घाम फुटला. "अगं, शाळेत प्रिंटर आहे ना?"

"आहे. छापीलही काढेन. पण हे तुमच्या हातचं हवंय."

एका दिवसाला एक कागद. आडव्या ओळीत तीस वर्ग, उभे आठ तास. मास्टर लिहू लागले. शिकवायला कधी उभे न राहिलेले मास्टर आयुष्यात पहिल्यांदा शाळेची शिक्षा भोगत होते आणि बाई समोर बसून भाजी निवडत होत्या. सोमवार संपेपर्यंत त्यांचा अंगठा दुखू लागला. बुधवारी पाठ बोलू लागली. त्यांनी एकदा पेन खाली ठेवून बोटं मोडली, तर बाई मान वर न करता म्हणाल्या, "तास संपला नाही अजून."

दुपार कलायला आली आणि मास्टर गुरुवारच्या सहाव्या तासावर आले. त्यांचा हात थांबला. दोन किल्ल्या शेजारी धरल्या की सारखी खाच त्यांच्या डोळ्यांना आपोआप बोचते, तसं काहीतरी बोचलं होतं. त्यांनी ओळ पुन्हा वाचली. मग बोट ठेवून वाचली.

"अगं," ते म्हणाले, "चित्रकलेच्या बाई किती आहेत तुमच्याकडे?"

"एक."

"मग गुरुवारी सहाव्या तासाला त्या सहावी 'क'वर आहेत, आणि आठवी 'ब'वरही आहेत."

"काहीतरीच काय? चुकीचं उतरवलं असेल तुम्ही."

"लॅपटॉपवर बघ."

बाई उठल्या. त्यांनी लॅपटॉपवर बघितलं. चष्मा काढून बघितलं, लावून बघितलं. सहावी 'क', गुरुवार, सहावा तास: चित्रकला. आठवी 'ब', गुरुवार, सहावा तास: चित्रकला. दोन्हीकडे त्याच बाई, एक पहिल्या मजल्यावर आणि एक तिसऱ्या.

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. काल मास्टरांचा झाला होता, तोच, फक्त स्त्रीलिंगी. एकोणीस वर्षं त्या वेळापत्रक करत होत्या आणि एकोणीस वर्षांत एकही तास दुसऱ्यावर चढला नव्हता. अख्ख्या शिक्षकांच्या खोलीत त्यांची तीच तर ख्याती होती. उद्या सकाळी सात वाजता हे फळ्यावर लागलं असतं, आणि सगळ्यात आधी तिथे चष्मा सरसावून कोण उभं राहिलं असतं?

"भूगोल," बाई अस्फुट म्हणाल्या.

"भूगोल," मास्टर म्हणाले.

बाई खाली बसल्या. त्यांनी पेन्सिल घेतली. सहावी 'क'चा ग्रंथालयाचा तास इकडे, चित्रकला शुक्रवारी तिकडे, मैदान एक घर पुढे. पाच मिनिटांत सगळं जागेवर आलं. मग त्यांनी लॅपटॉपवरही दुरुस्त केलं आणि एक मोठा श्वास सोडला. मास्टरांनी गुरुवारचे उरलेले दोन तास मुकाट्यानं उतरवून टाकले. ते एवढे शहाणे होते.

"हे बाहेर कुणाला सांगायचं नाही," बाई म्हणाल्या.

"कुठलं?" मास्टरांनी अगदी साळसूदपणे विचारलं. "तुझं की माझं?"

बाईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. ओठांचा एक कोपरा हलला, पण त्यांनी तो वेळीच आवरला, आणि कोरा कागद नवऱ्यापुढे सरकवला.

"शुक्रवार, पहिला तास," त्या म्हणाल्या. "अक्षर नीट काढा."